कोंबडीच्या तळव्याची गाठ : एका पावसाळ्याच्या प्रकल्प नोंदी

जागा : संगमेश्वर तालुका, जिल्हा रत्नागिरी. कोंबड्या चौदा. सहा वनराजा (जड अंगाची, परसातल्या पालनासाठी काढलेली जात), सात गावठी आणि एक गावठी कोंबडा. खुराडं आठ बाय सहा फुटांचं, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर पत्रा, समोर जाळी. खालची जमीनही चिऱ्याची, गिलावा न केलेली. बसायला पोफळीच्या रिपा, जमिनीपासून साडेचार फुटांवर.

कोंबडी लंगडायला लागली की आमच्याकडे एकच सल्ला मिळतो, कापा आणि खा. तळव्याची गाठ वेळेत हाती लागली तर बहुतेक कोंबड्यांवर ती वेळ येत नाही. म्हणून काय केलं, काय जमलं नाही आणि खर्च किती आला ते तारखेवार लिहून ठेवते आहे.

१४ जून २०२५

तांबडी (वनराजा, दोन वर्षांची, वजन अडीच किलो) दार उघडल्यावर सगळ्यांत शेवटी बाहेर आली. डावा पाय टेकला की लगेच उचलत होती. दाणे टाकले तरी धावली नाही. पुढ्यात आले तेवढे बसूनच टिपले.

पकडली ती अंधार पडल्यावर. अंधारात कोंबडी निमूट हातात येते. दिवसा मागे धावलं तर दुखऱ्या पायावर ती आणखी उड्या मारते. पंखांसकट जुन्या टॉवेलात गुंडाळली, डोकंही झाकलं, मग सासूबाईंनी मांडीवर धरली आणि मी बॅटरीच्या उजेडात पाय पाहिला.

तळव्याच्या मधल्या गादीवर वाटाण्याएवढी काळी खपली. भोवती सूज, आणि उजव्या तळव्याशी ताडून पाहिलं तर डावा स्पष्ट गरम. सूज बोटांच्या बेचक्यांतून थोडी वरही आलेली. वरचा सांधा मात्र साधा होता, नीट हलत होता. दोन्ही तळवे शेजारी ठेवूनच बघावेत. एकाच पायाकडे बघून सूज कळत नाही, कारण वनराजाची गादी मुळातच जाड असते.

यंदा पाऊस मे महिन्यातच उतरला. आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं अर्धी असतानाच अंगणात पाणी. दरवर्षी मृगाच्या आधी कोरडं तूस भरून ठेवतो, ते राहिलं. खुराड्यात जुनंच तूस होतं, खाली लगदा झालेला आणि दार उघडलं की डोळे चुरचुरतील असा वास.

१५ जून

पशुवैद्यकीय दवाखान्यात तांबडीला टोपलीतून घेऊन गेले. डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला, सांधे वाकवून पाहिले, चालवून पाहिली. एक पाय पुढे, एक मागे असा फाकून पडतो का, तेही विचारलं. तसं असेल तर तो तळव्याचा आजार नसतो, मरेकसारखा नसांचा विषाणूजन्य आजार असू शकतो, आणि त्याला पाय शेकून काही होत नाही. इथे तसं नव्हतं.

तळव्याला बारीक जखम होते, तिच्यातून जंतू आत जातात. बहुतेकदा स्टॅफिलोकोकस, जो कातडीवर आणि भोवतालच्या घाणीत एरवीही असतोच. डॉक्टर म्हणाले, "ताई, सूज अजून तळव्यातच आहे, लगेच प्रतिजैविक नको. घरी शेकून मलमपट्टी करा. सूज वर चढली, खाणं सोडलं किंवा दुसऱ्या सांध्याला आली तर थांबू नका, घेऊन या." दुसरी गोष्ट त्यांनी विचारली, ती मला जास्त उपयोगी पडली : "बसते कशावर? उडी कुठून मारते?"

येताना खरेदी : एप्सम सॉल्ट अर्धा किलो ९० रुपये, पोव्हिडोन आयोडीनचं द्रावण ११० रुपये, त्याचंच मलम ७० रुपये, गॉजचा रोल ४० रुपये, हातमोज्यांची जोडी २० रुपये. स्वतःलाच चिकटणारी पट्टी (केसांना, पिसांना न चिकटणारी) देवरुखात मिळाली नाही. ती मागवली, यायला आठवडा लागेल.

हातमोजे हवेतच. हाच जंतू माणसाच्या जखमेतही जातो. शेकायचं घमेलं वेगळं ठेवलंय, स्वयंपाकघरातलं काही वापरायचं नाही.

संध्याकाळी पहिला शेक. घमेल्यात कोमट पाणी, हाताच्या मनगटाला सोसेल इतकंच, लिटरला दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट. पाय पंधरा-वीस मिनिटं बुडवून. पहिली पाच मिनिटं धडपड, मग ती चक्क डुलक्या काढायला लागली. चोच पाण्यात जाऊ द्यायची नाही. ते मीठ पोटात गेलं तर ढाळ लागतात.

खपली हलली नाही. ओढली नाही. पाय टिपून कोरडा केला, मलम लावून गॉज बांधला.

१७ जून

पट्टीचा प्रश्न. विशेष पट्टी येईपर्यंत धोतराच्या जुन्या फडक्याच्या पट्ट्या आणि वरून साधी चिकटपट्टी असं करून पाहिलं. चिकटपट्टी ओल धरते आणि सुटते, सुटली नाही तर सोडवताना पायाची सालं घेऊन येते. फडकं तासाभरात ओलं होतं. ओल्या पट्टीत पाय बंद ठेवण्यापेक्षा पट्टी नसलेली बरी, इतकं दोन दिवसांत कळलं. वरून प्लास्टिकची पिशवी बांधायचा सल्ला मिळाला होता. केलं, तर आत पायाला घाम सुटून कातडी पांढरी पडली. काढून टाकली.

मग पट्टीपेक्षा जागा बदलली. भाजीचा मोठा क्रेट पडवीत आणला, खाली वर्तमानपत्राचा जाड थर, त्यावर कोरडा पेंढा. रोज सकाळ-संध्याकाळ बदलायचा. तांबडीचा मुक्काम तिथे. बाकीच्या कोंबड्या जाळीतून दिसतील असा क्रेट ठेवला. एकटी ठेवलेली कोंबडी कळपात परत घालताना मार खाते, नजरेसमोर असेल तर कमी.

शेजारच्या काकींनी बिब्बा आणून दिला. माणसांच्या पायात काटा मोडला की आमच्याकडे बिब्ब्याचा चटका देतात, त्या मायेनेच सांगत होत्या. मी नाही लावला. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, आणि तळव्याची कातडी जळली तर जंतूला आणखी मोठं दार मिळतं. हळद-तेलाचा लेपही बाजूला ठेवला. हळदीशी वैर नाही, पण लेपाखाली लाली दिसेनाशी होते, घाण चिकटते, आणि रोज तो काढण्यातच पाय दुखावतो.

२१ जून

पट्टी आली. दोन इंची रोल, १२० रुपये. सांगण्यासारखं बरंच आहे, कारण इथेच सगळ्यांचं अडतं.

दोन इंची पट्टी कोंबडीच्या पायाला रुंद पडते. कात्रीने उभी चिरून बोटाएवढ्या रुंदीच्या तीन-चार पट्ट्या आधीच कापून ठेवायच्या. गॉजचा चौकोन दोनदा दुमडून खपलीवर. मग पट्टी नडगीवर एक वेढा, तिथून बोटांच्या मधून खाली, तळव्यावरून दुसऱ्या फटीतून वर, परत नडगीवर. मागचं बोट मोकळं ठेवायचं, नाहीतर दांडा पकडता येत नाही. पट्टी ताणून गुंडाळायची नाही, नुसती टेकवत न्यायची, ती आपोआप धरते. तासाभराने बोटांची टोकं बघायची. गार किंवा निळसर वाटली तर कापून पुन्हा.

पहिला रोल लाल रंगाचा आला होता. तांबडीला घटकाभर अंगणात सोडली तर बाकीच्यांनी त्या लाल पट्टीवर चोची मारायला सुरुवात केली. लाल दिसलं की कोंबड्या टोचतातच. पुढचे रोल करड्या रंगाचे मागवले.

२२ जून

रात्री सगळ्यांचे पाय पाहिले. मुलगा बॅटरी धरून, मी वहीत लिहीत.

करडी (वनराजा, तीन वर्षांची) : उजव्या तळव्यावर जुनी खपली, खाली टणक गाठ, पाय जाड. ती लंगडत नव्हती, फक्त हळू चालायची. आम्ही तिला वयाची म्हणत होतो.

दुसऱ्या दोन वनराजा : खपली नाही, पण गादीचा मध्य गुळगुळीत, लाल, खवलं झिजलेली.

बोडकी आणि बाकीच्या गावठी : स्वच्छ.

कोंबडा : तळवे ठीक, नडगीवरची खवलं उचललेली आणि पांढरट. तो वेगळा विषय, पुढे लिहिते.

बिघाड सगळा वनराजांतच. वनराजा ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी काढलेली जात. चांगली आहे, अंडी देते, अंगानेही भरते. पण हे अंगच इथे नडलं. गावठी कोंबडी सव्वा-दीड किलोची, साडेचार फुटांवरून उतरताना पंख मारत अलगद येते. अडीच किलोची वनराजा दगडासारखी खाली येते, आणि खाली खरखरीत चिरा.

२८ जून

तांबडीची खपली आज शेकताना कडेने सुटली. टोकं बोथट असलेल्या चिमट्याने उचलली, तिच्याबरोबर आतला गोळा आला. मक्याच्या दाण्याएवढा, पिवळट, जुन्या पनीरासारखा घट्ट. कोंबडीचा पू माणसाच्या किंवा गुरांच्या पुवासारखा वाहत नाही. पू पातळ करणारी विकरं तिच्या पांढऱ्या पेशींत पुरेशी नसतात, म्हणून तो आत घट्ट होऊन बसतो. त्यामुळे "फोडा आणि पिळा" हा उपाय इथे कामाचा नाही. पिळलं तर बाहेर काही येत नाही, उलट गाठ शेजारच्या कप्प्यांत सरकते.

थोडं रक्त आलं. गॉज दाबून धरला, पाच मिनिटांत थांबलं. खड्डा पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने धुतला. पाण्यात घालून फिक्या चहाचा रंग येईल इतकंच, बाटलीतलं तसंच ओतायचं नाही. मग मलम, गॉज, पट्टी.

जाळावर चाकू तापवून घरीच चिरणारे लोक आहेत. मी ते करणार नाही आणि कुणाला सांगणारही नाही. तळव्यात शिरा, स्नायूंच्या दोऱ्या सगळं अगदी जवळजवळ आहे, आणि कोंबडी ओरडत नाही म्हणजे तिला दुखत नाही असं नाही. शेकून सुटली ती आपली, न सुटली ती डॉक्टरांची.

३ जुलै

पायावरचे उपचार चालू असताना पायाखालचं तसंच राहिलं तर काही खरं नाही. लावणी अंगावर असताना हे काम काढावं लागलं, पण काढलं.

आधी रिपा. उतरवून हात फिरवला तर कडेला सुईसारखे धागे उभे. पोफळीचा बुंधा चिरला की हे तंतू सुटतात, आणि वर्षभर कोंबड्यांनी घासून ते आणखी वर आले होते. तळव्यातली पहिली बारीक जखम बहुधा इथलीच. रिपा सरपणात गेल्या. घरामागे फणसाचे जुने वासे पडले होते, त्यांतून दोन इंच रुंदीच्या पट्ट्या काढून घेतल्या, वरच्या कडा रंध्याने गोल केल्या आणि काचकागदाने घासल्या. सुताराचे ६०० रुपये. गोल बारीक बांबू का नाही, असं मुलाने विचारलं. बारीक बांबूवर सगळा भार तळव्याच्या मधोमध एका रेघेवर येतो, आणि बांबूच्या पेरांवर पुन्हा कड असते. दांडे आता जमिनीपासून दीड फुटांवर, सगळे एकाच उंचीला. वरखाली ठेवले की सगळ्यात वरच्यासाठी भांडणं होतात आणि उड्या वाढतात.

खाली काय घालायचं यात वेळ गेला. गोणपाट अंथरून पाहिलं. ओल धरलं, आणि त्याचे दोरे नखांत अडकले. जुन्या रबरी चटईवर विष्ठा पसरून घसरडं झालं, चटईखाली पाणी साचलं. दोन्ही बाहेर.

६ जुलै

गवंडी मिळाला. चिऱ्याच्या जमिनीवर इंचभर सिमेंटचा गिलावा, घोटून गुळगुळीत, दाराकडे उतार. सिमेंटची एक गोण ३८० रुपये, वाळूऐवजी क्रशरची पूड ३०० रुपये, मजुरी १००० रुपये. कोंबड्या आठवडाभर पडवीत, ओल्या सिमेंटवर एकही पाय पडू द्यायचा नाही, ते कातडी भाजतं. पडवीची दशा काय झाली ते लिहीत नाही. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांचे आभार.

१० जुलै

तांबडी : खड्डा भरत आला आहे, कडेने गुलाबी नवी कातडी. पट्टी आता एक दिवस आड. वजन टाकून चालते.

करडी : सुधारणा नाही. शेकून शेकून खपली मऊ झाली, पण गाठ खोल आहे, हलत नाही. आज सूज नडगीवर चढलेली दिसली आणि दाणे ठेवले तर तोंड फिरवलं. सकाळीच दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी बधिर करून गाठ उघडली, बरंच घट्ट द्रव्य काढलं. आत स्नायूच्या दोरीपर्यंत गेलं आहे असं म्हणाले. प्रतिजैविकं दिली, सूज आणि वेदनेसाठी औषधही त्यांनीच दिलं. वेदनाशामक आपल्या मनाने द्यायचं नाही. घरात माणसांसाठी असलेली डायक्लोफेनॅक तर कुठल्याही जनावराला नाही. गिधाडं त्यानेच मेली, म्हणून जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक आपल्याकडे २००६ पासून बंद आहे.

औषध चालू असेपर्यंत आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी खायची नाहीत, विकायची नाहीत. इतर कोंबड्यांनाही फोडून घालायची नाहीत. तिचा क्रेट वेगळा असल्यामुळे अंडी ओळखता येतात. कळपात असती तर सगळ्यांचीच टाकावी लागली असती.

१४ जुलै

खुराडं पुन्हा चालू. भातगिरणीतून आणलेलं तूस गोणीतच दमट होतं. चुलीवरच्या माळ्यावर थोडं थोडं पसरून वाळवलं, त्यात तीन दिवस गेले. तीन इंचांचा थर घातला. मूठभर उचलून आवळायचं, मूठ उघडल्यावर गोळा राहिला तर ओलं, विस्कटलं तर ठीक. पाण्याचं भांडं खुराड्याबाहेर पत्र्याच्या वळचणीखाली आणि विटेवर ठेवलं. आतली निम्मी ओल पावसाची नव्हती, या भांड्याची होती.

तुसात चुना मिसळतात. मिसळायचा तर पूर्ण विझवलेला, कोरडा, आणि अगदी थोडा. कळीचा चुना ओल्या तुसात पडला तर तळवे भाजतात. मी या पावसात घातलाच नाही, रोज सकाळी दाताळ्याने तूस वरखाली केलं आणि दांड्याखालची विष्ठा उचलली.

१८ जुलै

करडी गेली. काल रात्री पाणी पीत होती, सकाळी क्रेटमध्ये निपचित. वरचा सांधा सुजलेला. डॉक्टरांना कळवलं. संसर्ग सांध्यात आणि पुढे रक्तात गेला असावा असं ते म्हणाले. परड्याच्या कडेला खोल खड्डा काढून पुरली. औषधं चालू होती, खाण्याचा प्रश्नच नव्हता.

तीन वर्षांची, अंड्यावरची कोंबडी होती. गेल्या वर्षी खुडूक झाली तेव्हा अकरा अंड्यांवर बसवली, दहा पिल्लं काढली. मेमध्येच जर कुणी तिचा पाय उचलून पाहिला असता तर ती गाठ कदाचित खपलीएवढीच मिळाली असती. लंगडत नाही म्हणजे पाय चांगला, असं कुणी धरून चालू नये. जुन्या गाठीवरही कोंबडी सरावाने चालत राहते.

२४ जुलै, दीप अमावास्या

आषाढ संपला. तांबडीची पट्टी कायमची काढली. खपली नाही, गादीवर पातळ गुलाबी कातडी. रात्री दांड्यावर सोडली, तिच्या त्याच जागेवर जाऊन बसली. झिजलेल्या तळव्यांच्या दोन्ही वनराजांना औषध काहीच लावलं नाही, नुसतं कोरडं तूस आणि गोल दांडा. लाली निम्म्याने उतरली.

आतापर्यंतचा खर्च : औषधं आणि पट्ट्या ६८०, दवाखाना, औषधं आणि रिक्षा मिळून ७५०, सुतार ६००, जमीन १६८०, तूस १८० रुपये. एकूण ३८९० रुपये. यातलं जमीन आणि दांडे आधी झाले असते तर औषधांवरचे पैसे बहुधा लागलेच नसते. नवीन खुराडं बांधणाऱ्यांनी हा आकडा बघावा.

५ ऑगस्ट

खाण्याकडे आले. आमच्याकडे कोंबड्यांना मुख्यतः तांदळाची कणी आणि कोंडा. कणीने वनराजा चरबी धरतात, आणि पांढऱ्या तांदळात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. ते कमी पडलं की कातडी आणि तळव्याची गादी कमकुवत होते. पावसात कोंबड्या चरायलाही फार जात नाहीत, म्हणजे हिरवं बंद. आता सकाळी अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, संध्याकाळी कणी फक्त मूठभर, आणि रोज शेवग्याचा पाला जुडी बांधून टांगलेला. टांगलेला यासाठी की जमिनीवर टाकला तर तुडवतात. पिकलेला भोपळा चिरून दिला तर बियांसकट फस्त.

तांबडीचं वजन १०० ग्रॅमने उतरलं. सावकाश उतरायला हवं, म्हणून कणी एकदम बंद केली नाही.

१७ ऑगस्ट

बोडकी लंगडते. पुन्हा तेच, असं वाटून पाय पाहिला, तर तळवा स्वच्छ. मधलं बोट मात्र जांभळं आणि सुजलेलं. चिमट्याने खवलं बाजूला केली तेव्हा हिरवा धागा दिसला. खुराड्याच्या बाजूला लावलेली शेडनेट फाटली होती, तिचा तंतू बोटाला करकचून वेढा घालून बसलेला. नखं कापायच्या बारीक कात्रीने तोडला. धागा रुतलेल्या जागी खाच पडली होती, आयोडीन लावलं. दुसऱ्या दिवशी बोट गरम आणि गुलाबी. आणखी उशीर झाला असता तर बोट वाळून गळलं असतं. शेडनेटची फाटकी कड कापून विस्तवावर वितळवून बंद केली, आणि अंगणातले केस, सुतळ्या, राखीचे दोरे सगळं उचललं.

३१ ऑगस्ट

गौरी आल्या. उद्या आमच्याकडे तिखटाचा नैवेद्य असतो. पाहुण्यांनी कोंबडा मागितला, दिला नाही, बाजारातून आणला. त्याचं कारण लिहिते.

कोंबड्याच्या नडगीवरची उचललेली खवलं म्हणजे खवल्यांखाली राहणाऱ्या बारीक किड्यांची खरूज. हा किडा आयुष्य पक्ष्यावरच काढतो, म्हणून उपचार पक्ष्यावर करायचा. जूनअखेरपासून आठवड्यातून दोनदा त्याचे पाय कोमट साबणपाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासतो आणि गुडघ्यापासून नखांपर्यंत खोबरेल चोळतो. तेलाखाली किड्याचा श्वास कोंडतो. खवलं ओढून काढायची नाहीत, खाली रक्त येतं. रॉकेल किंवा जळकं इंजिन ऑइल लावणारे आहेत, त्याने कातडी भाजते आणि पक्षी ते चोचीने पोटातही घेतो. आठेक आठवड्यांनी वरचा पांढरा भुगा गेला आहे, पण जुनी खवलं अजून वाकडी. ती पीस झडून नवी येतील तेव्हाच सरळ होतील. तेल सुरुवातीला अनियमित लावलं जात होतं, तेव्हा काहीच फरक नव्हता. वार ठरवल्यावर फरक पडला. इतके दिवस सांभाळलेला पक्षी आणि वंशाला तो एकटाच, म्हणून नैवेद्याला नाही.

२१ सप्टेंबर

रात्रीची तपासणी. तेरा पक्षी. तांबडीच्या तळव्यावर बारीक डाग, सूज नाही, गरम नाही. झिजलेल्या दोघींपैकी एकीची खवलं पूर्ण आली. दुसरीच्या उजव्या गादीवर तांदळाएवढी नवी खपली, थोडी गरम. ती चिखलातून चालते, गोठ्यामागे उकरायला जाते. लगेच शेक आणि मलम सुरू, अंगणात सोडणं बंद. सुरुवातीलाच हाती लागली म्हणजे काम किती कमी, ते या खेपेला दिसलं. चौथ्या दिवशी खपली आपण होऊन पडली, आत गोळा नव्हता, पट्टीही लागली नाही.

गोठ्यामागचा चिखलाचा पट्टा दगडगोटे काढून नारळाच्या सोडणांनी भरला.

१२ ऑक्टोबर

ऊन आलं. खुराड्यातलं सगळं तूस काढून माडांच्या आळ्यात टाकलं, जमीन धुऊन दोन दिवस उन्हात उघडी ठेवली. गिलाव्याला एका कोपऱ्यात तडा आहे, तिथे पाणी धरतं, तो भरून घ्यायचा. फणसाचे दांडे पुन्हा काचकागदाने घासले.

भात झोडून झालं की गिरणी जोरात चालते, तेव्हाच कोरडं तूस दहा गोण्या भरून माळ्यावर टाकायचं. दोन रोल पट्टी, गॉज, मलम आणि एप्सम सॉल्ट एका डब्यात घालून पडवीत खुंटीला लावलं आहे, मलमाची मुदत २०२७ पर्यंत. पायांची तपासणी आता दर रविवारी रात्री, नावं लिहिलेली वही दाराला बांधून. या रविवारी तेराही पाय-जोड्या स्वच्छ. पुढच्या वर्षी वनराजा तीनच ठेवणार, बाकी गावठी. जमीन धुताना तांबडी दाराशी उभी राहून उकरलेल्या मातीतली वाळवी टिपत होती.